बिनकव्हरचं पुस्तक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, थोरल्या भावाला नाही. ज्या मॅडमनी मला संपादन शिकवलं, त्यांना एकदा सांगायला गेलो होतो. अर्ध्यावर थांबलो. त्यांनी पुढचं विचारलं नाही, आणि मला ते बरंच वाटलं.

दापोड्याच्या गोदामाचं गेट. शनिवारची दुपार.

मी ज्या वर्गात शिकत होतो तिथली मुलं पुस्तकांचं गोदाम बघून बाहेर पडत होती. पुढं मॅडम, मागं मुलं-मुली, त्यांच्यात मी. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्याला बॅग, गळ्यात ‘व्हिजिटर’ लिहिलेलं कार्ड. सगळे ऑफिसच्या काचेच्या दाराकडं वळले, तसा मीही वळलो. तेवढ्यात गेटवरच्या रामसजीवननं हाक मारली.

“अरे ओ! उधर किधर? तेरी लाइन इधर है.”

त्याचंही बरोबर होतं. मी त्याच गोदामात कामाला. ड्युटी संपली की तोच मला रोज तपासायचा. बूट काढा, डबा उघडा, हात पसरा. आमच्याकडं साहेबलोक काचेच्या दारातून जातात आणि कामगार लोखंडी कठड्यातून, झडती देऊन.

मी गळ्यातलं कार्ड पुढं केलं. “आज ड्युटी नाही माझी. आज मी कॉलेजतर्फे आलोय.”

“कार्ड से क्या होता है? मैं तुझे पहचानता नहीं क्या?”

मुलं थांबली. वळून बघायला लागली. मी मॅडमकडं बघितलं. त्या एक शब्द बोलल्या असत्या तर भागलं असतं. त्या बोलल्याही.

“जाऊ दे हो, त्यांची पद्धत असेल तशी. आम्ही गाडीत बसतो. या तुम्ही सावकाश.”

मी कठड्यात गेलो. बूट काढले. उजव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. हात पसरले. काचेपलीकडं एका मुलीनं मोबाइल वर धरला होता. फोटो काढत होती की नुसता धरला होता, मला अजून माहीत नाही. रामसजीवनचे हात काखेतून कमरेवर आले, कमरेवरून पायांवर. तेच हात रोज फिरायचे आणि रोज काही वाटायचं नाही. त्या दिवशी वाटलं, भर चौकात कुणी कपडे उतरवतंय.

मग त्यानं बॅग उघडली.

इथपर्यंतचं मी पूर्वी लिहिलेलं आहे. ते छापूनही आलंय. लोकांनी टाळ्या वाजवल्यात त्यावर. इथून पुढचं खरं लिहिलेलं नाही.

बॅगेत पुस्तक होतं. चोरीचं. मी चोरलेलं.

*

मी कामतघरचा. वडील तिथल्या कापडाच्या लूमवर होते. त्यांच्या कानात लूमचा खडखडाट असा भरलेला, की घरी शांतता असली तरी ते ओरडूनच बोलायचे. आई मला भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोखाली अभ्यासाला बसवायची. “तिथं बस. ते बघतायत,” म्हणायची. मी बारावीपर्यंत बसलो. मग वडिलांचा हात लूमच्या पट्ट्यात गेला आणि मी उठलो.

लूम केली, सुताला खळ लावायचं सायझिंग केलं, मग दापोड्याला गोदामं उठली तेव्हा तिकडं लागलो. आधी टीव्हीच्या खोक्यांचं गोदाम, नंतर पुस्तकांचं. पुस्तकांच्या गोदामात मी रिटर्नला होतो. रिटर्न म्हणजे दुकानांतून न खपता परत आलेला माल. चांगलं पुस्तक परत रॅकवर जातं. डागाळलेलं, मुडपलेलं, किंवा ज्याला आता गिऱ्हाईक नाही असं पुस्तक जातं फाडायच्या टेबलावर. तिथं त्याचं कव्हर ओरबाडून काढायचं, आतली पहिली पानं फाडायची, म्हणजे ते कुणाला विकता येऊ नये. उरलेलं रद्दीच्या ट्रकात. लगद्याला.

पुस्तक फाडणं ही आमची ड्युटी होती. पहिल्या दिवशी माझा हात उचलेना. आमच्या घरात पुस्तकाला चुकून पाय लागला तरी आई डोळ्यांना लावायला लावायची. हळूहळू हात सरावला. पण एक खोड लागली. फाडताना वाचायचं. मधलंच कुठलं तरी पान, खालीवर काही नाही, नाव नाही, गाव नाही. अशी अर्धीमुर्धी पानं वाचून वाचून मी परत अभ्यासाला लागलो. मुक्त विद्यापीठातून बी.ए. झालो. रिटर्नचा सुपरवायझर झालो. आणि चाळिशी उलटल्यावर मुंबईत शनिवार-रविवारच्या एका पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलं. ग्रंथप्रकाशन, संपादन, संज्ञापन. बायको म्हणाली, “हे शिकून तुम्ही पुस्तकं कमी फाडणार काय?” हसलो दोघंही.

वर्गात पहिल्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना ओळख करून द्यायला सांगितली. कुणाचे वडील प्रकाशक, कुणाची आत्या अनुवादक, कुणी जाहिरात कंपनीतली नोकरी सोडून आलेली. माझी पाळी आली तर मॅडम मधेच म्हणाल्या, “यांची ओळख मी करून देते. हे आपले गोदामातले विद्यार्थी. आपण सगळे पुस्तकं करतो, आणि हे ती उचलतात!”

सगळे हसले. वाईट नव्हते हसले. मीही हसलो. तिथून मी वर्गाचा ‘काका’ झालो. खुर्च्या हलवायच्या झाल्या, खोकी वर आणायची झाली, की “काका, जरा...” मला सवय होतीच उचलायची. उचलली.

पण शिकायला मजा यायची, हे खोटं कशाला बोलू? मुद्रितावर खुणा कशा करायच्या, पान कसं लावायचं, लेखकाला न दुखवता त्याचा परिच्छेद कसा कापायचा. मॅडम शिकवायच्या छान. म्हणायच्या, “संपादक म्हणजे काय ठेवायचं त्यापेक्षा काय काढायचं हे ज्याला कळतं तो.” मी ते मन लावून शिकलो. जरा जास्तच शिकलो.

*

फाडायच्या टेबलावर सुमनताई होती.

माझ्याहून थोडी मोठी. दापोड्याच्या अलीकडच्या पाड्यावरची. आज जिथं गोदाम आहे तिथं पूर्वी भात व्हायचं, आणि त्या भाताची कापणी तिच्या सासऱ्यानं दुसऱ्याच्या शेतावर मजुरीनं केलेली. “ह्याच्याखाली चिखूल हाय,” ती फरशीवर पाय आपटून म्हणायची. “पावसात मना अजून वास येतो.” तिला अक्षरओळख नव्हती. पण कव्हर एका झटक्यात असं काढायची की शिवण उसवायची नाही. मला सुपरवायझर असूनही ‘दादा’ म्हणायची आणि वर टोमणे मारायची.

“दादा, कालेजात काय शिकवत्यात?”

“पुस्तक कसं करायचं ते.”

“आनि इथं आमी त्याची वाट लावतो. चांगला हाय तुमचा धंदा. दोनी बाजूनी पगार!”

तिची एक नात होती, चित्रांचं वेड असलेली. सुमनताईनं एकदा मॅनेजरला विचारलं होतं, फाडलेल्या पुस्तकातली चित्रांची दोन पानं नेऊ का म्हणून. मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाला होता, “आज पान, उद्या पुस्तक, परवा ट्रक.” बाया हसल्या. ती पण हसली. परत कधी विचारलं नाही. पण ते विचारणं सगळ्यांच्या लक्षात राहिलं. माझ्याही.

आमच्या अभ्यासक्रमात बांधणीचा एक तास होता. मॅडमनी सांगितलं, प्रत्येकानं शिवलेल्या बांधणीचं एक जाड पुस्तक आणा, ते उसवून बघायचंय. “जिवावर येणार नाही असं आणा,” म्हणाल्या. मुलं म्हणाली, रद्दीवाल्याकडून घेऊ. माझ्या मनात आलं, आमच्याकडं ट्रकनं लगद्याला जातायत. त्यातलं एक काढलं तर कुणाचं काय जाणार आहे?

कुणाचं काय जाणार आहे. अगदी हेच शब्द.

एरवी ते बाहेर नेणं शक्य नव्हतं. झडती होती. पण त्याच महिन्यात वर्गाची गोदाम-भेट ठरली. आमच्या वर्गाचा वार्षिक संग्रह जे प्रकाशक छापायचे त्यांचा माल आमच्या गोदामात असायचा, त्यांनीच ती ठरवली. मला केवढा आनंद! शर्ट धोब्याकडं देऊन इस्त्री करून घेतला. आणि त्या शनिवारी मुलांना रॅक दाखवता दाखवता, फाडायच्या टेबलाशी आल्यावर, मी एक बिनकव्हरचं जाड पुस्तक बॅगेत सरकवलं. सुमनताई मुलांना कव्हर काढून दाखवत होती, मुलं “ओ माय गॉड” करत होती, सगळ्यांचे डोळे तिच्या हातांवर होते.

मला खात्री होती, आज मला कुणी तपासणार नाही. आज मी त्यांच्यातला होतो. पाहुण्यांतला.

म्हणून मला चोरी करता आली. हे मला फार उशिरा कळलं. मी भीत भीत चोरी केली नाही. माझ्या मनात मी आधीच काचेच्या दारातून बाहेर पडलो होतो.

*

रामसजीवननं पुस्तक बाहेर काढलं. उलटंपालटं केलं. कव्हर नाही, पहिली पानं नाहीत. माझ्याकडं बघितलं. मॅनेजरला बोलावलं.

काचेपलीकडं मुलं गाडीकडं चालली होती. त्यांना दिसत होतं, ऐकू येत नव्हतं.

मॅनेजर आला. तो माझ्याहून लहान, चांगल्या घरातला, मला कधी अरेतुरे न केलेला माणूस. त्यानं पुस्तक हातात घेतलं.

“काय रे हे? तू? तू तर शिकतोयस ना?”

त्या ‘रे’नं मी तुटलो. मोज्याचं भोक, काचेपलीकडचा मोबाइल, मॅडमचं ‘त्यांची पद्धत असेल’, सगळं एकदम समोर आलं. खरं बोलायला दोन शब्द पुरले असते. मीच घेतलं. फार तर काय, नोकरी गेली असती. मुलांसमोर चोर ठरलो असतो.

मी म्हणालो, “मला सुमनताईनं दिलं. मला वाटलं, तिनं तुम्हाला विचारलं असेल.”

एवढंच. आरोप केला नाही. आवाजसुद्धा चढवला नाही. सभ्य माणसानं बोलावं तसं बोललो. वाक्यरचना चांगली होती. ऐकणाऱ्याला पुढचं आपोआप समजेल अशी.

मॅनेजरचा चेहरा निवळला. “अच्छा. ती. ती मागे पण मागत होती.” माझ्या खांद्यावर हात ठेवला. “सॉरी, तुम्ही जा. तुमची मंडळी थांबलीयत.”

परत ‘तुम्ही’ झालो.

बूट घालताना रामसजीवन अगदी हळू बोलला. “पढ़े-लिखे हो. बच गए.”

गाडीत चढलो. मग एक मुलगा, वर्गातला हुशार मुलगा, प्रकाशकाचा, वातावरण हलकं करायला म्हणाला, “काका, चिल. हे बघा.” त्यानं त्याच्या बॅगेतून एक कोरं पुस्तक काढलं. रॅकवरून उचललेलं. “आठवण म्हणून!” मुलं हसली. मॅडमनी डोळे वटारल्यासारखं केलं आणि त्या पण हसल्या.

त्याची बॅग कुणी उघडली नव्हती.

मॅडम माझ्या शेजारी येऊन बसल्या. माझ्या हातावर हात ठेवला. “मनाला लावून घेऊ नका. उलट लिहा हे. आपल्या संग्रहात घेऊ. तुमच्याकडं असे अनुभव आहेत हो, आम्हाला कुठून मिळायचे?”

सोमवारी फाडायच्या टेबलावर दुसरी बाई होती.

कुणी म्हणालं, सुमनला काढली. तिच्या टेबलाचं पुस्तक गेटवर सापडलं. कुणाच्या बॅगेत सापडलं हे कुणी म्हणालं नाही. रामसजीवन बोलला नाही, मॅनेजर बोलला नाही. मी त्या नव्या बाईला शिकवलं, कव्हर कसं काढायचं.

*

आमच्या अभ्यासक्रमात रीत होती. वर्षाच्या शेवटी वर्गानं स्वतः एक संग्रह करायचा. लिहायचा, एकमेकांचं संपादायचा, पानं लावायची, छापून घ्यायचा. मी झडतीचं लिहिलं.

पहिला खर्डा लिहिला तेव्हा पुस्तकाचं खोटं लिहिलं. लिहिलं की बॅगेत माझंच अभ्यासाचं पुस्तक होतं आणि ते चोरीचं म्हणून मला धरलं. पण शेवटी एक परिच्छेद लिहिला होता. कसा कुणास ठाऊक, हातून लिहिला गेला. ‘सोमवारी सुमनताईला कामावरून काढलं. तिला वाचता येत नव्हतं.’ एवढाच. का काढलं ते नव्हतं त्यात.

मॅडमनी तो खर्डा वर्गात पडद्यावर लावला. सगळ्यांनी तो वाचला. मग मॅडम म्हणाल्या, “उत्तम. फक्त ही सुमनताई कोण?”

“आमच्याकडं कामाला होती.”

“हिचा गोष्टीशी संबंध काय?”

मी पडद्यावरच्या त्या परिच्छेदाकडं बघत राहिलो.

“बघा, अपमान तुमचा झालाय. वाचक तुमच्याबरोबर आहे. शेवटच्या क्षणी तुम्ही त्याला दुसरीकडं नेता. दोन माणसांचं दुःख एकदम दिलं की दोन्ही पातळ होतात.” मग माझ्याकडं बघून हसल्या. “काका, संपादक व्हायचंय ना? तुम्हीच सांगा, काय करायचं?”

मी म्हणालो, “काढून टाकायचं.”

“करा.”

मी पुढं गेलो. सगळ्या वर्गासमोर तो परिच्छेद निवडला. निळा झाला. बटण दाबलं. सुमनताई गेली.

“शाब्बास,” मॅडम म्हणाल्या.

मी त्यांना दोष देत नाही. त्यांना ठाऊक नव्हतं. लेख खरंच बांधीव झाला. मी तिला दोनदा काढली, एकदा गोदामातून आणि एकदा कागदावरून, आणि दुसऱ्यांदा मला शाबासकी मिळाली. शिक्षण मला नको होतं असं नाही. आजही हवंय. पण माझ्या शिक्षणानं माझ्यासाठी केलेलं पहिलं काम हे होतं, की माझ्यावर आलेली झडती मी माझ्याखालच्या बाईवर ढकलू शकलो, चांगल्या भाषेत.

प्रकाशनाला मी तो लेख वाचून दाखवला. लोक उभे राहिले. एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ येऊन माझा हात धरून म्हणाले, “आमच्या पिढीनं तुमच्यावर फार अन्याय केला.” डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. बायको पहिल्या रांगेत बसली होती, नवी साडी नेसून. घरी आल्यावर तिनं संग्रह फोटोखाली ठेवला. मी त्या दिवसापासून त्या भिंतीकडं नीट बघितलेलं नाही.

*

त्यानंतर सुमनताई मला भेटली, कामतघरला.

लूमच्या कापडाचे कडेचे तुकडे, गाठी, सुताचे गुंते निवडायची एक वखार आहे आमच्या मागच्या गल्लीत. चिंधीची वखार म्हणतात. मी रिक्षाची वाट बघत उभा होतो. आतून हाक आली.

“ओ दादा! कालेजवाले!”

चिंध्यांच्या ढिगात बसली होती, केसांवर कापूस. चार-पाच बाया आणखी. मला वाटलं पळावं. पण दारापाशी गेलो.

“वळखलात ना? का सायेब झालात?”

“ओळखलं की. कशी आहेस?”

“ही बघा. आधी पुस्तकं फाडत होते, आता फाटलेलं निवडते. बढती झाली.” बाया हसल्या. ती मग त्यांनाच सांगायला लागली. “ह्ये दादा माझे सुपरवायझर. लई हुशार. मना चोर बोलून काढली ना, तवा ह्ये नव्हते तिथं. आसते तर बोल्ले आसते माज्या बाजूनी.”

मी कठड्याला धरल्यासारखा वखारीच्या दाराला धरून उभा राहिलो.

“मना वाचता न्हाय येत आनि मी पुस्तक चोरलं म्हनं! आगं, चोरायचंच आसतं तर बाजूच्या गोदामातला मिक्सर न्हाय चोरला आसता?” पुन्हा सगळ्या हसल्या. तीही. मग हसू थांबलं. चिंध्या निवडता निवडता खाली बघून म्हणाली, “पाड्यावर पोरं नातीला चिडवत्यात. पुस्तकचोराची नात. ती आता चित्रं न्हाय काढत. मना इचारते, आजी, तू आनलेलंस तर मना दाखवलंस का न्हाय?”

“तू काय सांगितलंस?”

“काय सांगू? आनलंच न्हाय तर काय दाखवू. पन पोरीला वाटतं, मी तिच्यापासून लपवलं.”

हीच वेळ होती. एवढ्या बाया साक्षीला होत्या. तोंड उघडलं. आणि म्हणालो, “मी बघतो मॅनेजरशी बोलून.”

“नका दादा. तुमची नोकरी जाईल,” ती म्हणाली.

रिक्षा आली. मी बसलो.

*

गेल्या आठवड्यात मॅडमचा फोन आला. नवी बॅच आलीय. परत गोदाम-भेट ठरतेय.

“या वेळी मला जरा वेगळं करायचंय,” म्हणाल्या. “तुमचा लेख आता अभ्यासाला लावलाय ना. तर मुलांनी तो अनुभव प्रत्यक्ष बघावा असं वाटतं. तुम्ही फक्त त्या लाइनीत उभं राहायचं, नेहमीसारखं. तो वॉचमन तपासेल. मुलं काचेतून बघतील, नंतर आपण चर्चा करू. पाच मिनिटांचं काम.”

मला आधी समजलंच नाही. मग समजलं.

“तुम्हाला वाईट नाही ना वाटणार? तुम्ही आता त्याच्या पलीकडं गेलायत.”

“नाही,” मी म्हणालो.

“छान, मग...”

“नाही म्हणजे, मी उभा राहणार नाही.”

इतक्या वर्षांत मी त्यांना नाही म्हटलेलं नव्हतं. खुर्च्यांना नाही, खोक्यांना नाही, बटण दाबायला नाही.

“अहो, पण तुम्हीच तर लिहिलंयत ना ते?”

“लिहिलंय ते खोटं आहे मॅडम.”

माझा आवाज वडिलांसारखा निघाला. ओरडून. त्या समजूत काढावी तसं म्हणाल्या, “आठवणीत थोडं इकडंतिकडं होतंच हो. तेवढं स्वातंत्र्य लेखकाला असतं.”

“तो लेख अभ्यासातून काढा.”

“आपण नंतर बोलू,” म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

नंतर बोलणं झालेलं नाही. भेट मात्र ठरलीय. येत्या शनिवारी.

मी गेटवर असेन. माझी ड्युटी आहे त्या दिवशी. मी त्या लाइनीत कुणाला दाखवायला उभा राहणार नाही. उभा राहीन तो मॅनेजरसमोर, रामसजीवनसमोर, फाडायच्या टेबलावरच्या बायांसमोर आणि काचेपलीकडच्या मुलांसमोर बोलायला. माझी झडती घेतली यात अपमान होता, तो मी अजून विसरलेलो नाही, आणि काचेचं दार आणि कठडा वेगळा का, हेही मी विचारणार आहे. पण आधी हे सांगीन, की त्या दिवशी कठड्यात चोर सापडला होता आणि त्याला तुम्ही ‘सॉरी’ म्हणून सोडलंत, कारण त्यानं खालचं नाव सांगितलं. माझी नोकरी जाईल. जाऊ दे. सुमनताईची गेली तेव्हा मी बूट घालत होतो.

ते पुस्तक बांधणीच्या तासाला गेलंच नाही. मॅनेजरनं ते रद्दीत टाकलं असणार. मी नंतर कितीदा आठवून बघितलं, कुठलं पुस्तक होतं ते. मला नावसुद्धा माहीत नाही. आत फळझाडांची चित्रं होती एवढं ओझरतं दिसलं होतं. नातीला आवडली असती.

हे लिहिणं म्हणजे फेड नाही. हे छापून आलं तरी सुमनताईला वाचता येत नाही, आणि तिला कुणी वाचून दाखवावं अशी सोय मी करणार नाही. ते मला तोंडानं सांगावं लागेल. शनिवारच्या आधी. चिंधीच्या वखारीत, बायांसमोर, आणि मग पाड्यावर तिच्या नातीसमोर. पुस्तक मी घेतलं. तुझ्या आजीनं नाही. तुझ्यापासून तिनं काही लपवलं नाही.

एवढंच मी देणं लागतो. आज हे लिहितोय तोवर दिलेलं नाही.